युद्धाचे अलिखित बळी

युद्धातील मृतांची गणना करताना सरकारी दप्तरांत बहुधा शस्त्राने पडलेल्यांचीच नोंद होते. परंतु ज्या लोकसमूहाचा उच्छेद आरंभिला जातो, त्याचे घरदार, धान्य, पिण्याचे पाणी आणि औषधोपचार ही सारीच हिरावली गेल्यामुळे, जीव घेऊन पळालेल्यांनाही पुढे रोग गाठतो. १९७१ साली पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराने मांडलेल्या संहारातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, आणि दाटीवाटीच्या छावण्यांत, विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यावाटे पटकीची साथ पसरली. पटकीचा रोगी दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार जुलाबावाटे वाहून गेल्याने. बनगाव येथे शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांच्या आप्तांकरवीच त्यांना पाजण्याचा निर्णय घेतला (तत्कालीन वैद्यकमत पाहता हे धैर्य असामान्यच होते), आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली उतरले. तथापि उपासमारीने खंगलेली लहान मुले छावण्यांतून दगावतच राहिली. त्यांच्या मृत्यूचा दोषही संहार आरंभणाऱ्यांच्याच माथी नोंदला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.