छायाचित्रण मंडळात मुले काय शिकतात?

आमच्या वसतिगृहात दर रविवारी दुपारी छायाचित्रण मंडळ भरते. मंडळ म्हणजे दोन जुने कॅमेरे, शिक्षकांचे मोबाइल, एक ट्रायपॉड आणि उत्साही मुलामुलींचा एक घोळका. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असण्याच्या या काळात त्यासाठी निराळे मंडळ कशाला, असे काही पालकांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या विद्येच्या इतिहासातच आहे.

छायाचित्रणाची विद्या जन्मापासूनच दोन वाटांनी गेली. १८३९ मध्ये फ्रेंच सरकारने दागेर यांची कृती जाहीरपणे लोकांसमोर मांडली. इंग्लंडात टॅल्बट यांनी कागदी निगेटिव्हची पद्धत शोधली, परंतु १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने काचेवर कलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची कृती शोधून काढली आणि पेटंटच्या फंदात न पडता ती सरळ एका नियतकालिकात छापून टाकली. आर्चर १८५७ मध्ये वारले. शोधातून त्यांना धन लाभले नाही. मात्र त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगभरचे छायाचित्रकार त्यांच्याच कृतीने काम करीत होते.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ही कृती अवघी तीन वर्षांची होती. सभासदांनी आपली चित्रे बैठकीत मांडावीत आणि कोणते रसायन कसे वापरले ते इतरांस सांगावे, अशी तेथील रीत होती. ओल्या काचेवर चित्र घेऊन ती ओली असतानाच धुवावी लागे, आणि आपल्याकडील उष्ण हवेत थर लवकर वाळे. विलायतेतील पुस्तक येथे पुरेसे पडत नसे. शेजाऱ्याचा अनुभवच कामी येई. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे या सोसायटीत होते; नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळातही होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाले. साहेबाच्या हातातील यंत्र मराठी माणसाच्या हाती आले ते अशा वर्गांतून आणि बैठकांतून.

नाशिककरांना तर याचे उदाहरण घरचेच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून घेतले. चलच्चित्राची शक्ती लोकांना पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत उगवणाऱ्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली होती, ही गोष्ट आमच्या मंडळातील मुलींना आम्ही आवर्जून सांगतो.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. नव्या विद्यार्थ्याच्या हाती आम्ही लगेच कॅमेरा देत नाही. वसतिगृहातील एका खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावून त्यास वाटाण्याएवढे भोक पाडतो. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड, पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे उलटे उमटलेले दिसतात. भोक मोठे केले की चित्र उजळते पण अस्पष्ट होते. लहान केले की रेखीव होते पण मंदावते. कॅमेऱ्याच्या पोटात बसून तो कसा काम करतो हे मूल स्वतः पाहते. त्यानंतर अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. अ‍ॅपर्चर म्हणजे भोक किती मोठे, शटर म्हणजे ते किती वेळ उघडे, आणि आयएसओ म्हणजे मिळालेल्या प्रकाशाला यंत्राने किती प्रतिसाद द्यावा. शटर १/१२५ सेकंदावरून १/६० वर आणले की प्रकाश जवळजवळ दुप्पट होतो. तेवढेच काम अ‍ॅपर्चर एफ ८ वरून एफ ५.६ वर आणल्याने होते. मात्र पहिल्या उपायाने धावणारे मूल पुसट होईल आणि दुसऱ्याने मागची टेकडी. यांपैकी काय सोडावयाचे, हे छायाचित्रकाराने ठरवावयाचे असते.

दुसरा पाठ त्रिरश्मी लेण्यांत होतो. शहरापासून आठएक किलोमीटरवर असलेल्या या डोंगरावर चोवीस लेणी आहेत आणि पायथ्याशी फाळके स्मारक आहे. लेण्याच्या दारात उभ्या असलेल्या मित्राचे चित्र घेताच मुलांना पहिला धक्का बसतो : बाहेरचे ऊन आणि आतील अंधार डोळ्यांना एकाच वेळी दिसतो, कॅमेऱ्याला तितका पेलत नाही. चेहरा दिसू लागला की आकाश पांढरेफटक, आकाश सावरले की चेहरा काळा. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर जेथे बोट ठेवाल, त्या भागाला धरून यंत्र उजेड ठरविते, हे तेथेच समजते. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. समोरून सपाट उजेडात घेतलेल्या चित्रात अशी कोरीव अक्षरे दगडात बुडून जातात. प्रकाश बाजूने, भिंतीला घासून गेल्यासारखा आला की प्रत्येक खाचेत सावली धरते आणि अक्षर वर उठते. तिरप्या उजेडाची योग्य वेळ गाठण्यासाठी थांबून राहणे हाही पाठाचाच भाग होय.

परत आल्यावर चित्रे भिंतीवर लावली जातात. येथे आमचे दोन नियम आहेत. ‘छान’ हा शब्द वर्ज्य. आणि ज्याचे चित्र असेल त्याने आरंभी मौन पाळावयाचे. इतरांनी आपल्याला काय दिसते ते सांगावयाचे. त्यानंतर चित्रकर्त्याने उभे राहून उजेड कोठून होता, आकडे कोणते होते, किती प्रयत्न वाया गेले हे सर्व उघड करावयाचे. काही लपवावयाचे नाही. हुशार मुलांना हा नियम प्रारंभी जाचतो, कारण युक्ती सांगितली की पुढच्या रविवारी दुसरा कोणीतरी त्याहून चांगले चित्र आणतो. आणतोच. आणि मग पहिल्यालाही नवे काही शोधावे लागते.

याहून कडक नियम चित्राच्या पाठीवरील मजकुराचा आहे. मुंबईच्या त्याच सोसायटीतील विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून निराळ्याच देखाव्यावर चिकटविलेली आहेत. चित्रांखाली समाजाचे नाव आढळते. माणसाचे नाव बहुधा नाही. ज्यांच्या पणजोबांना कोणी नावाने नोंदविले नाही, अशा घरांतील मुले आमच्याकडे शिकतात. कित्येकांच्या घरी आजीचे एकही छायाचित्र नाही. म्हणून सुट्टीत गावी जाताना त्यांना एकच गृहपाठ असतो : घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे, तिच्या संमतीने, तिला हव्या त्या जागी बसवून चित्र घ्यावे, पाठीमागे पूर्ण नाव, गाव, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहावे, आणि एक प्रत तिच्या हाती द्यावी. एका मुलीच्या आजीने नऊवारी बदलून, पेटीतला चष्मा काढून, हातात नातीचे प्रगतिपुस्तक धरून चित्र काढवून घेतले. ते चित्र किंचित हललेले आहे. आम्ही ते भिंतीवरून काढलेले नाही.

प्रस्तुत स्मरणिकेसाठी कार्यालयातील जुनी छायाचित्रे चाळताना याच नियमाची निकड आम्हांस पुन्हा जाणवली. संमेलनाच्या, सहलीच्या, पंगतीच्या कितीतरी चित्रांत ओळीने उभी असलेली मुले आहेत आणि मागील बाजू कोरी आहे. काही चेहरे ज्येष्ठ सेवकांनी ओळखले, बरेच राहिले. अशी निवडक चित्रे पुढील पानांवर क्रमांक देऊन छापली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी ती पाहून ज्यांची नावे आठवतील ती, चित्राचा क्रमांक आणि डावीकडून कितवी व्यक्ती हे नमूद करून, मंडळाकडे लिहून पाठवावीत. आपल्या संग्रही वसतिगृहाची जुनी चित्रे असल्यास मूळ प्रत पाठवू नये. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता तिचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे, आणि पाठीमागे काही लिहिलेले असल्यास त्या बाजूचेही घ्यावे.