प्रेतामागचा हिशेब

वेस्टर्न म्हटलं की घोडा, धूळ, पिस्तूल आणि दर वीस पानांमागे एक प्रेत, असं चित्र मराठी वाचकाच्या मनात असतं, ते मुख्यतः पडद्यामुळे. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या खऱ्या, पण त्यांतली अमेरिका रान तोडून शिवार करणाऱ्यांची होती, पिस्तुलवाल्यांची नव्हे. त्यामुळे वेस्टर्नवरचा जुना आक्षेप आपल्याला चटकन पटतो: इथे माणसं इतकी मरतात की कुणाच्याच मरणाला वजन राहत नाही. पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत ते खरंही आहे. चार्ल्स पोर्टिस यांची ‘ट्रू ग्रिट’ (१९६८) मात्र या आरोपातून सुटते. तिच्यात माणसं कमी मरत नाहीत. पहिल्या काही पानांतच बापाचा खून आणि तिघांची जाहीर फाशी उरकते, वेगही कुठे मंदावत नाही. पण मेलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसामागे कुणीतरी हिशेबाची वही उघडून बसलेलं असतं, आणि माझ्या मते या कादंबरीतल्या मरणांना वजन येतं ते त्या वहीमुळे.

वही मॅटी रॉसची. टॉम चेनी नावाच्या गड्याने फोर्ट स्मिथ गावात तिच्या वडिलांना गोळी घालून लुटलं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गोष्ट सांगते ती मात्र सुमारे पन्नास वर्षांनी, अविवाहित आणि बँक चालवणारी बाई म्हणून. गावात आल्यावर ती वडिलांचं प्रेत रेल्वेने घरी पाठवण्याची सोय लावते. वडिलांनी घेतलेली तट्टं ती व्यापाऱ्याच्या गळ्यात परत मारते आणि त्याच्या तबेल्यातून चोरीला गेलेल्या घोडीची भरपाईही वसूल करते. मग ती रूस्टर कॉगबर्न या एकाक्ष, दारुड्या मार्शलशी चेनीला पकडण्याचा सौदा ठरवते. शोक तिला होत नाही असं नाही. व्यवहार चोख ठेवणं हाच तिचा शोक करण्याचा मार्ग आहे. टेक्सासचा रेंजर लबीफ हाही चेनीच्याच मागावर असतो, कारण चेनीने तिकडे एका सिनेटरला मारलंय. मॅटीला ते मान्य नाही. चेनी फासावर जायला हवा तो तिच्या बापाच्या खात्यावर, टेक्सासच्या सिनेटरच्या नव्हे. थरारकथेत सहसा खलनायक मेला की काम झालं; इथे तो कोणत्या नावाने मेला यावर भांडण होतं.

पोर्टिस यांनी हे सगळं हवेतून काढलेलं नाही. फोर्ट स्मिथचे न्यायाधीश आयझॅक पार्कर हे इतिहासातलं खरं पात्र. १८७५ ते १८९६ या काळात त्यांनी १६० जणांना मृत्युदंड सुनावला, त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. त्यांचे डेप्युटी मार्शल पगारी नव्हते. आरोपी आणून दिला तर फी, प्रवासाचा मैलामागे भत्ता. आरोपी वाटेत मेला तर फी बुडायची. म्हणजे कायद्याच्या या माणसांसाठी प्रेत हा उघड तोट्याचा व्यवहार होता. म्हणूनच कादंबरीतला कोर्टाचा प्रसंग मला सगळ्या गोळीबारांहून सरस वाटतो. बचावाचा वकील रूस्टरला विचारत जातो: आजवर किती मारले, तू मागे सरकत होतास की पुढे, मग प्रेत विस्तवाशी कसं सापडलं? आकडा आधी ‘बारा-पंधरा’ असा मोघम असतो, तो तेवीसवर येऊन ठेपतो. पोर्टिस मुळात वार्ताहर होते, आणि जबानी कशी लिहायची हे त्यांना पक्कं ठाऊक दिसतं. पुढे एका खोपटात मून नावाचा पोरगा साथीदाराच्याच सुऱ्याने मरतो, तेव्हाही मरता मरता निरवानिरव करतो: भावाला कळवा, सामान विकून पैसे पाठवा. भाऊ धर्मोपदेशक आहे. चार पानांपूर्वी आलेलं हे पात्र भाऊ आणि मालमत्ता असलेला माणूस होऊन मरतं.

कुणी म्हणेल, म्हातारी मॅटीच गोष्ट सांगतेय म्हणजे ती वाचणार हे ठरलेलंच. मग उत्कंठा कसली? उत्कंठा जगण्या-मरण्याची नाहीच, किमतीची आहे. शेवटी ती सापांच्या खड्ड्यात पडते, एक हात गमावते. तिला डॉक्टरपर्यंत पोचवताना तिचं लाडकं तट्टू पळून पळून मरतं. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: इतका हिशेबीपणा म्हणजे कोरडेपणाच नाही का? तसं असतं तर १९०३ मध्ये, रूस्टर एका वाइल्ड वेस्ट तमाशाबरोबर फिरत असताना वारला हे कळल्यावर, मॅटीने त्याचं प्रेत उकरून आपल्या घरच्या दफनभूमीत नेलं नसतं. पाव शतकात भेट नसलेल्या माणसासाठी हा खर्च कोणत्याच करारात बसत नाही. लोक त्यावरून तिची टिंगल करतात, तीही ती नोंदवून ठेवते.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हा सगळा पाठलाग चालतो तो चॉक्टॉ या आदिवासी लोकांच्या प्रदेशात. १८३०च्या दशकात त्यांना मिसिसिपीतून हुसकून तिथे आणलं गेलं आणि वाटेत हजारो मेले. त्यांची स्वतःची न्यायालयं होती, पण गोऱ्या गुन्हेगारांवर त्यांचा अधिकार चालत नव्हता. म्हणून तर पार्करच्या कोर्टाला एवढं काम. कादंबरीत चॉक्टॉ पोलीस येतात, फाशी जाणाऱ्या तिघांत एक आदिवासी आहे आणि त्याला आपले शेवटचे शब्द मिळतात. एवढंच. मॅटीच्या काटेकोर वहीत ज्या जमिनीवरून घोडे दौडतात तिच्या मालकांचं खातं नाही. ती एकोणिसाव्या शतकातली आर्कान्सामधली गोरी, कर्मठ प्रेस्बिटेरियन मुलगी आहे, तेव्हा असणारही नाही, असा बचाव करता येईल आणि पात्रापुरता तो खराच आहे. पण पोर्टिस १९६८ मध्ये लिहीत होते.