गरिबी मोजायची कुठल्या मापाने?

हातात मोबाइल, पण चुलीत लाकडं आणि पाण्यासाठी लांबवर पायपीट. असं घर गरीब म्हणायचं की नाही? नुसती कमाई विचारून हे कळत नाही. म्हणून २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बहुआयामी गरिबी निर्देशांक आणला.

यात गुण मिळतात ते उणिवांचे. एकूण १८ धरा. आरोग्याचे २ आणि शिक्षणाचे २ प्रश्न, प्रत्येकी ३ गुणांचे; राहणीमानाचे ६, प्रत्येकी एका गुणाचे. चुलीत लाकूड जळतं, १. पाणी आणायला जाऊन-येऊन अर्धा तास किंवा जास्त, १. जमीन शेणाने सारवलेली, आणखी १. घरात कुणाचीच सहा वर्षं शाळा झालेली नाही, ३. झाले ६, म्हणजे एक तृतीयांश. हे घर गरिबांत मोजलं जातं.

मला यातला पाण्याचा प्रश्न फार मोलाचा वाटतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचा वेळ कमाईच्या हिशेबात कधी धरलाच जात नाही. इथे तो धरला जातो. दारात नळ आला की तो गुण लगेच उतरतो. शाळेचे ३ मात्र घरातलं एखादं पोर सहावी पार करेपर्यंत तसेच राहतात.