ढळूनही लयीवर येणे

महाशिवरात्रीला वेळणेश्वरचा सागरतीर यात्रेकरूंनी गजबजून जातो. येथील शिवमंदिरात कीर्तनसेवा करताना एकदा उत्तररंगात ओलसर फरशीवरून माझा पाय घसरला. हातातील चिपळ्या मात्र थांबल्या नाहीत, आणि पुढच्या समेला पाऊल आपसूक ठिकाणावर आले. साठी उलटलेल्या या देहाला सावरले कोणी?

शरीरशास्त्र सांगते, की चालण्याची मूळ लय मज्जारज्जूतच वसते. मेंदूची आज्ञा आणि पायांची संवेदना दोन्ही तुटली, तरी तेथील चेतापेशींचे जाळे पावलांचा ठेका निर्माण करते, हे ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. पाऊल चुकले, की तळपाय, स्नायू व अंतःकर्ण यांची वार्ता वर पोहोचते, आणि लहान मेंदू योजलेली व घडलेली हालचाल ताडून चूक दुरुस्त करतो.

हृदयाचेही तसेच. त्याला ठेका देणारा पेशीपुंज आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली वर्णिला. तरीही निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही; श्वास घेताना ते किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तेव्हा स्थैर्य म्हणजे ताठरपणा नव्हे. ढळूनही लयीवर परत येणे, हेच खरे स्थैर्य.

कंपवातात हीच शक्ती क्षीण होते. माझे एक वृद्ध तबलजी स्नेही देवळाच्या उंबरठ्याशी येत आणि त्यांचे पाय जणू जमिनीला खिळत. कोणी हात धरून ओढले, तर तोल अधिकच जाई. एकदा मी शेजारी उभा राहून संथ टाळी धरली. चौथ्या टाळीला त्यांनी उंबरठा ओलांडला! बाहेरचा ठेका अशा रुग्णांना पुष्कळदा साहाय्यक ठरतो, हे वैद्यकानेही नोंदविले आहे. टाळी औषधाची जागा घेत नाही. पण अडलेल्या पावलाला वाट देते.

शिवाच्या डमरूच्या १४ आघातांतून पाणिनीला १४ माहेश्वर सूत्रे लाभली, अशी परंपरा आहे. तो नटराज एका पायावर उभा असतो, तोही नाचत! वाचकहो, या शिवरात्रीस दर्शनाच्या रांगेत एखाद्या वृद्धाचे पाऊल अडले, तर त्यास ओढू नका. शेजारी थांबा आणि संथ लयीत शिवनाम घ्या. पाऊल उचलेल.