आकडा मोठा, आजार केवढा?

पोटदुखी आणि उलट्यांनी हैराण झालेल्या मुलाचं रक्त तपासलं, लायपेज हे स्वादुपिंडाचं विकर चार हजार आलं आणि स्वादुपिंडाला सूज असल्याचं निदान झालं, की आई-वडील हमखास विचारतात, ‘शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं तर नऊशेच आहे. म्हणजे आमच्या मुलाचं दुखणं चौपट का?’

तसं नसतं. लायपेज नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं की निदानाला बळकटी येते. तिथं त्याचं मुख्य काम संपतं. चार हजारवाला चार दिवसांत घरी जाऊ शकतो आणि नऊशेवालीला आयसीयू लागू शकतं. पुढचा अंदाज बांधायला कॅल्शियम, अल्ब्युमिन, युरिया ही जुनी, स्वस्त मंडळी जास्त कामाची.

त्यातलं कॅल्शियम माझं लाडकं. स्वादुपिंडातून बाहेर सांडलेलं लायपेज आसपासची चरबी फोडतं, सुटलेली मेदाम्लं कॅल्शियमला धरतात आणि पोटात चक्क साबण तयार होतो! बोअरच्या जड पाण्यात साबण घातला की बादलीत पांढरा साका धरतो, तोही हाच, कॅल्शियमचा साबण. रॉबर्ट लँगरहान्स यांनी १८९० मध्ये हे रसायन ओळखलं. स्वादुपिंडातल्या बेटांना नाव मिळालं ते त्यांचे सावत्र बंधू पॉल यांचं. रॉबर्टना आज कुणी विचारत नाही. रक्तातलं कॅल्शियम घटण्याची कारणं इतरही असतात, पण हा साबण त्यातलं एक.

युरियाचं गणित सरळ आहे. सुजेमुळे रक्तवाहिन्या झिरपतात, पाणी पोटात साचतं, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं आणि युरिया तुंबतो.

अशा आकड्यांवरून अंदाज बांधायला डॉ. रॅन्सन यांनी १९७४ मध्ये या आजाराच्या गांभीर्याचे अकरा निकष मांडले. त्यातला एक : वय ५५ च्या वर! बालरोगतज्ज्ञांनी त्याचं काय करायचं? मुलांसाठी वेगळी गुणपद्धत यायला २००२ उजाडलं. तिच्यातले निम्मे निकषही ४८ तासांनंतरच कळतात.

म्हणून गांभीर्य लवकर सांगू पाहणाऱ्या नव्या ‘मार्कर’च्या, म्हणजे चाचण्यांच्या, बातम्या येत राहतात. त्या वाचताना एक हिशेब करावा. समजा, शंभर मुलांपैकी वीस जणांचा आजार गंभीर होणार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती वीसपैकी सोळा जणांना पकडेल; पण उरलेल्या ऐंशीतल्या सोळा जणांनाही गंभीर ठरवेल. म्हणजे निम्मे इशारे खोटे. उलट, ज्या ६८ जणांना ती ‘ठीक’ म्हणेल, त्यातले ६४ खरंच ठीक असतील. अशा चाचणीचा खरा उपयोग धीर द्यायला!

मुलांमधला हा आजार बहुधा सौम्यच असतो, त्यामुळे हा हिशेब सहसा असाच सुटतो. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच, तर ‘लायपेज किती?’ यापेक्षा ‘युरिया कालच्यापेक्षा चढला की उतरला?’ असं विचारावं.