एका जागी फिरणारी सायकल : घेण्याआधीची पारख



गाळप हंगाम सुरू झाला की काट्यावर उसाच्या गाडीचे वजन होते. गाडीच्या मालकाचे वजन मात्र कोणी करीत नाही. केले तर आपल्यातले बरेच जण खाली मान घालतील. पूर्वी बांधावर जायचे तर पायी आणि बाजाराला जायचे तर सायकलवर. आता उंबऱ्यापासून निघालेली मोटारसायकल थेट विहिरीवर जाऊन थांबते. नांगराला ट्रॅक्टर, पाण्याला ठिबक, पंप चालू करायला मोबाईल. कष्ट वाचले ही आनंदाचीच गोष्ट. पण वाचलेले कष्ट पोटावर आणि गुडघ्यावर जमा होऊ लागले, त्याचे काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात दिसून आले. साखर पिकवणे हा आपला धंदा. ती रक्तात साठवणे हा नव्हे! डॉक्टरांकडे गेले की गोळ्यांबरोबर एक वाक्य हमखास मिळते : "व्यायाम करा." आणि मग घरातले कोणीतरी म्हणते, "ती एका जागी चालवायची सायकल घेऊ या का?"

घ्यावी का, घ्यायची तर कोणती, आणि पैसा वाया न जाता कशी घ्यावी, एवढ्यापुरता हा लेख आहे.

घाटाखालचा प्रश्न

आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी-बहिणी घाटाखाली, शहापूर-मुरबाडकडे दिलेल्या आहेत. माळशेज उतरले की टोकावडे, सरळगाव आणि मग मुरबाड. सरळगावहून किन्हवलीच्या अंगाने गेले की शहापूर. मुलूख भाताचा. लावणी आणि कापणी सोडली तर शेतातले काम विरळ होते. घरातला कर्ता माणूस मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर आसनगाव-वाशिंदहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याला. सकाळी अंधारात निघणार, रात्री अंधारात परतणार. चालायला जायचे तरी कधी?

त्यात तिकडचा पाऊस म्हणजे काय सांगावे! भातसा आणि तानसा ही धरणे भरणारा तो पाऊस चार महिने पायवाटा चिखलात घालतो. एका बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग, दुसऱ्या बाजूला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग. दोन्हींवर ट्रकांची रांग. गुडघा दुखणाऱ्या साठीच्या बाईला "रोज सकाळी फिरून या" हे सांगायला सोपे आहे, करायला नाही. म्हणून अशा घरात एका जागी फिरणारी सायकल ही चैन नाही, तिला कारण आहे. आणि घाटाखालच्या लोकांना एक फायदाही आहे. तो पुढे येईलच.

उलट, ज्याच्या हातात रोज कोयता किंवा फावडे आहे, त्याला या यंत्राची काडीचीही गरज नाही. त्याला विश्रांती हवी आणि पोटभर सकस अन्न हवे. ज्यांचे कष्ट सुटले त्यांनीच पुढे वाचावे.

यंत्राच्या पोटात काय असते?

सरळ बसून चालवायची ही सायकल म्हणजे लोखंडी सांगाडा, सीट, हँडल, दोन पायडल आणि एक जड चाक. ते जड चाक आपल्या ओळखीचे आहे. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला बाजूला जे वजनदार चाक असायचे, तेच याचे काम : चाल एकसारखी ठेवणे. चाक अगदी हलके असेल तर पायाला झटके बसतात, आणि ते झटके दुखऱ्या गुडघ्याला परवडत नाहीत.

या चाकाला अडवायचे कसे, यावरून तीन प्रकार पडतात.

पहिला घर्षणाचा. चाकावर पट्टा किंवा नमद्याची गादी दाबली जाते. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. पण गादी झिजते, आवाज करते, कधी वासही येतो.

दुसरा पंख्याचा. पुढे मोठा पंखा असतो आणि बहुधा हातांनी ओढायचे-ढकलायचे दांडे असतात. जितक्या जोरात पाय मारावे तितका वारा अडवतो. हातांनाही व्यायाम होतो, पण आवाज मोठा. जाळीत पदर किंवा ओढणी अडकण्याची भीती वेगळीच.

तिसरा चुंबकाचा. विजेच्या जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या चकतीला आवर घालायला शेजारी चुंबक बसवलेला असतो. चुंबक चकतीला शिकत नाही, तरी ती आवरली जाते. तीच युक्ती इथे आहे. चुंबक चाकाजवळ आणला की पायडल जड, दूर नेला की हलके. घासत काही नाही, म्हणून झिजत काही नाही, आणि आवाजही फारसा नाही. साध्या प्रकारात हे सगळे हाताने फिरवायच्या बटनावर चालते. वीज लागत नाही. मीटरपुरते दोन सेल पुरतात. भारनियमन असले तरी अडत नाही.

आमचे मत विचाराल तर गुडघा, वय आणि घरातली झोप या तिन्हींचा विचार करता हाताच्या बटनाची चुंबकी सायकल सगळ्यात सोयीची. नव्या साध्या सायकलची किंमत दहा हजारांच्या आतबाहेर असते. त्याच्या वर जे पैसे जातात त्यातले पुष्कळसे पडद्याचे आणि गाण्याचे असतात, व्यायामाचे नव्हेत.

मीटरवर विसंबू नका

काट्याच्या बाबतीत आपण सभासद किती जागरूक असतो! तीच जागरूकता इथेही ठेवावी. स्वीडनमध्ये विल्हेल्म फॉन डोबेल्न यांनी १९५४ साली माणसाची शक्ती मोजण्यासाठी साधी पट्ट्याची सायकल मांडली. तिच्यावरचा जोर तपासून घेता येई. प्रयोगशाळेत अशा सायकली काट्यासारख्या वापरतात. आपल्या घरातल्या स्वस्त सायकलीचे तसे नाही. बटनावर एक ते आठ आकडे असतात, पण एका कंपनीचा चार म्हणजे दुसरीचा चार नव्हे. मीटर फक्त फेऱ्या मोजतो आणि त्यावरून किलोमीटर व कॅलरी अंदाजाने लिहितो. "आज तीनशे कॅलरी जाळल्या" म्हणून वर दोन जिलब्या खाल्ल्या, तर फसवणूक कोणाची झाली? खरा आकडा एकच : किती मिनिटे पाय चालले.

अंगाला बसते का पाहा

ही पारख दुकानातच करावी. विक्रेता कितीही घाई करो, आपण बसून पाहिल्याशिवाय उठू नये.

सीट अशी लावावी की टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेले असता पाय सरळ व्हावा. मग पंजा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. हेच योग्य माप. सीट खाली राहिली की गुडघ्यावर ताण, फार वर गेली की कंबर डावी-उजवी हलते. घरात सासूबाई ठेंगण्या आणि मुलगा उंच असेल तर सीट दोघांच्याही मापाला येते का, हे दोघांना बसवूनच ठरवावे.

दुसरे, वजन. यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलोने तरी जास्त हवी. तिसरे, स्थिरपणा. सीटवर बसून मुद्दाम डावीकडे-उजवीकडे हलावे. यंत्र डुगडुगले तर पुढच्या दुकानात जावे. घडी करून ठेवायच्या हलक्या सायकली जागा वाचवतात, पण जड माणसाखाली त्या कुरकुरतात. चौथे, चढ-उतार. ज्यांना पाय उंच उचलता येत नाही त्यांनी मधला दांडा खाली असलेली घ्यावी. आणि चाक पूर्ण झाकलेलेच हवे. घरात रांगते पोर असेल तर ही अट सोडूच नये, कारण फिरत्या चाकात बोट जायला क्षण लागत नाही.

नवी की वापरलेली?

आता तो घाटाखालचा फायदा. कल्याण, डोंबिवली, ठाणे ही शहरे शहापूर-मुरबाडला जवळ आहेत, आणि शहरातल्या सदनिकांत अशा कितीतरी सायकली टॉवेल वाळत घालण्याच्या कामी लागलेल्या आहेत. नव्याचे नऊ दिवस! जागा अडते म्हणून माणसे त्या स्वस्तात काढून टाकतात. ओळखीच्या माणसाकरवी चौकशी केली तर चांगले यंत्र बरेच कमी पैशांत मिळते. मात्र दहा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पायडल मारताना टकटक आवाज येतो का? क्रँक हाताने धरून हलवली तर ढिली लागते का? बटन फिरवल्यावर पायाला फरक जाणवतो का? सीटच्या खांबाची भोके झिजून लांबट झालेली नाहीत ना? सांध्यांवर गंज आहे का? यातले काही खटकले तर हात जोडून निघावे.

नवी घेताना कंपनीच्या नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा : "दुरुस्तीचा माणूस आमच्या गावापर्यंत येतो का?" शहराच्या नावाने दिलेली हमी किन्हवली-टोकावड्यापर्यंत पोचेलच असे नाही. गावाचा पिनकोड सांगून लेखी उत्तर घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान कुठेही असो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीही आहे.

खोके घरी आल्यावर

घरपोच आलेली सायकल बहुधा सुटी येते आणि जोडणी आपणच करायची असते. इथे पुष्कळ यंत्रे पहिल्याच दिवशी जायबंदी होतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून बसते, उजवीकडे नव्हे. जोर लावून उजवीकडे पिळले की क्रँकचे आटे गेलेच म्हणून समजा. पायडलवर इंग्रजी एल आणि आर अक्षरे असतात, ती पाहावीत. नाहीतर गावातल्या सायकलवाल्याला चहा पाजून बोलवावे. त्याला हे झोपेतही कळते, आणि पुढे पायडल किंवा बेअरिंग बदलायला तोच कामी येतो.

सारवलेल्या जमिनीवर यंत्र ठेवू नये. पाय रुततात आणि ओल लागते. खाली शहाबादी फरशी किंवा जाड फळी टाकावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावे आणि नट-बोल्ट आवळावेत.

चालवायची रीत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. पहिल्याच दिवशी अर्धा तास नको. पहिला आठवडा दहा मिनिटे, पायडल हलके. मग हळूहळू वाढवावे. जोर किती हवा? शेजारी बसलेल्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणायला दम पुरू नये, एवढा.

ज्यांच्या छातीत दुखते, चालताना धाप लागते, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब व साखर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांची, आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची, व्यायामात साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोके हलके झाले, तर ताबडतोब थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. त्यासाठी यंत्राजवळ साखरेची पुडी ठेवावीच. मधुमेही माणसाने चपलेवर किंवा अनवाणी न चालवता कॅनव्हासचे बूट घालावेत, आणि नंतर तळपाय पाहावेत. पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळतही नाही, आणि त्याच फोडापायी पुढे पाय गमावण्याची वेळ येते.

घेण्याआधी एक महिना

शेवटी आमची एक विनंती. पैसे मोजण्यापूर्वी एक महिना रोज वीस मिनिटे चाला. अंगणात चाला, ओटीवर चाला, शाळेच्या पटांगणात चाला. माळ्यावर जुनी सायकल पडली असेल तर खाली उतरवा, छर्रे बदला आणि दुधाच्या डेअरीपर्यंत तिच्यावर जा. महिना निभला तर यंत्र खुशाल घ्या. ते कामी येईल. नाही निभला, तर दहा हजारांचे यंत्र घेऊनही निभणार नाही.

आणि एकट्याला परवडत नसेल तर? अहो, एकट्याला साखर कारखाना परवडत नव्हता म्हणून तर आपण भाग भांडवल गोळा केले. भावकीतल्या चार घरांनी वर्गणी काढून एक दणकट सायकल घ्यावी, ज्याची ओटी मोठी त्याच्याकडे ठेवावी आणि वेळा वाटून घ्याव्यात. शेजारीण सहा वाजता दारात येऊन उभी राहते म्हटल्यावर आपल्यालाही उठावेच लागते. तो धाक कुठल्याही मीटरमध्ये बसवून मिळत नाही.