बाटलीच्या तळाची चकती

मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात कपाटाएवढे एक यंत्र दिवसरात्र चालू असते. त्याच्या कप्प्यांत, शरीराइतक्या उबेत, रक्त मिसळलेल्या पोषक द्रवाच्या बाटल्या हलत राहतात. साधारण दर दहा मिनिटांनी यंत्र प्रत्येक बाटलीचा तळ तपासते आणि आत जंतू वाढू लागल्याचे दिसले की इशारा देते. ब्लड कल्चर म्हणतात ती तपासणी हीच. जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तो सेप्सिस २०१७ या एका वर्षात जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंमागे होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२० साली प्रसिद्ध केला. अशा रुग्णाच्या रक्तात कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते अँटिबायोटिक लागू पडेल, हे ठरवण्याचा सर्वांत भक्कम आधार आजही ही बाटलीच आहे. हे यंत्र अतिशय कौतुकास्पद आहे. तरीही त्याने कामाचा उत्तरार्धच सोडवला आहे. पूर्वार्ध अजून खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे, आणि त्या हाताकडे आपले फारसे लक्ष नाही.

आधी कौतुकाबद्दल. पूर्वी तंत्रज्ञ रोज बाटल्या उजेडात धरून द्रव गढूळ झाला का ते पाहत आणि अधूनमधून थेंब काढून काचपट्टीवर तपासत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेरीलँडमध्ये वेगळी वाट निघाली. जंतू साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, तेव्हा खाद्यात किरणोत्सारी कार्बन घालायचा आणि बाहेर पडणारा वायू मोजायचा. ‘बॅक्टेक’ हे यंत्र या विचारातून आले. पण वायू ओढून घेण्यासाठी त्याला प्रत्येक बाटलीच्या बुचात सुई खुपसावी लागे, आणि त्या सुईबरोबर एका बाटलीतला जंतू दुसरीत जाण्याचा धोका होता. १९९० च्या सुमारास आलेल्या ‘बॅक्ट-अलर्ट’ने सुईच काढून टाकली. बाटलीच्या तळाशी एक चकती बसवली. तिच्यावरच्या पडद्यातून वायू जातो, जंतू जात नाही. वायू चकतीतल्या पाण्यात विरघळला की आम्लता वाढते आणि हिरवट रंग पिवळा होतो. यंत्र खालून प्रकाश टाकून हा बदल वाचते. यातली खरी हुशारी पुढेच आहे. रक्तातल्या पेशीही थोडा वायू सोडतात, म्हणून नुसता रंग पाहून भागत नाही. रंग किती वेगाने बदलतो आहे, याचा आलेख यंत्र ठेवते आणि चढ एकाएकी तीव्र झाला तर बाटली पॉझिटिव्ह ठरवते. बहुतेक महत्त्वाचे जंतू एक-दोन दिवसांत सापडतात. पाच दिवसांत काहीच वाढले नाही तर सहसा निगेटिव्ह असा अहवाल जातो.

बाटली उघडायची नाही, टोचायची नाही, बाहेरूनच वाचायची, हे या यंत्राचे मोठे यश. पण त्याआधी एकदा टोचावेच लागते, रुग्णाच्या शिरेत. त्वचेवर स्टॅफिलोकॉकस गटातले निरुपद्रवी जंतू कायम वस्तीला असतात, काही तर केसांच्या मुळांशी, जिथे जंतुनाशक नीट पोहोचत नाही. त्यातले दोन-चार सुईबरोबर बाटलीत गेले की चकती पिवळी पडते. जंतू रक्तातून आला की कातडीवरून, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोलने जागा पुसायची, ती पूर्ण सुकू द्यायची, नंतर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही, बाटलीचे रबरी बूचही स्पिरिटने पुसायचे. प्रौढ रुग्णाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवे, कारण रक्तातल्या संसर्गात अनेकदा मिलिलिटरमागे एखाददुसराच जंतू असतो. शिवाय दोन वेगळ्या जागांहून दोन संच हवेत. त्वचेवरचा जंतू एकाच संचात आला तर तो बहुधा भेसळ, दोन्हींत आला तर गंभीर बाब. नातेवाइकांना एवढे रक्त काढणे क्रूर वाटते आणि घाईत असलेली सिस्टर किंवा रेसिडेंट डॉक्टर एका जागेवर, पाच मिलिलिटरवर थांबतात. त्या क्षणी लाखो रुपयांच्या यंत्राची निम्मी ताकद वाया जाते.

भेसळीचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत असावे, हा जुना दंडक. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी एक टक्क्याचे ध्येय पुढे ठेवले. आकडा छोटा दिसतो, पण अशा प्रत्येक खोट्या पॉझिटिव्ह अहवालामागे एक रुग्ण असतो. त्याला गरज नसताना व्हॅन्कोमायसिनसारखे औषध सुरू होते आणि मुक्काम लांबतो. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असलेल्या आपल्या देशात हे परवडणारे नाही.

मग नमुना घेण्याचे कामही यंत्राकडे का देऊ नये? प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने अल्ट्रासाउंडच्या मदतीने शीर शोधून रक्त काढणाऱ्या रोबोची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. ३१ जणांवर एकूण यश ८७ टक्के होते, सहज सापडणाऱ्या शिरांच्या २५ जणांत ९७ टक्के. पण अडचण नेमकी उरलेल्यांत आहे. सेप्सिसच्या रुग्णाचा रक्तदाब उतरलेला, हात सुजलेला, शिरा बसलेल्या असतात. शीर सापडणे आणि कातडी जंतुविरहित असणे या गोष्टीही वेगळ्या आहेत. बाटली किती भरली हे काही नवी यंत्रे ओळखतात, ती किती स्वच्छ हाताने भरली हे मात्र ओळखत नाहीत. सुरुवातीचे एक-दोन मिलिलिटर रक्त, ज्यात कातडीचा अंश येतो, बाजूला वळवणारी साधी साधने मात्र कामाची आहेत आणि रोबोपेक्षा कितीतरी लवकर वॉर्डात पोहोचू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डॉक्टर अँटिबायोटिक लगेच सुरू करतातच, मग दोन दिवसांनी येणाऱ्या अहवालाचा उपयोग काय? उपयोग असा की पहिले औषध अंदाजाने, अनेक जंतूंना पुरेल असे दिलेले असते. अहवाल आल्यावर ते बदलता येते, कमी करता येते, कधी बंदही करता येते. अट एवढीच की नमुना पहिल्या डोसच्या आधी घेतलेला हवा. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारे रेझिन असते, पण मेलेला जंतू ते जिवंत करत नाही. टायफॉइडमध्ये हे ठळक दिसते. रक्तात जंतू मुळातच थोडे, त्यात गल्लीतल्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन झालेल्या, त्यामुळे कल्चर रिकामे येते आणि १८९६ पासून चालत आलेल्या विडाल चाचणीवर निदान टेकते. ती जंतू दाखवत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडे दाखवते, आणि कोणते औषध चालेल हे तर सांगूच शकत नाही.

नवीन यंत्राच्या खरेदीबरोबर प्रत्येक रुग्णालयाने तीन नोंदी दर महिन्याला वॉर्डनिहाय लावाव्यात: भेसळीचे प्रमाण, बाटलीत भरलेले रक्त, आणि पहिल्या डोसआधी घेतलेले नमुने. यासाठी रक्त घेण्याचे प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी आणि त्यांना पुरेसा वेळ लागेल. आणि वाचकांसाठी एवढेच: घरातले कोणी तापाने गंभीर होऊन दाखल झाले आणि डॉक्टरांनी दोन हातांतून रक्त मागितले, तर अडवू नका. नाही मागितले, तर औषधाच्या आधी कल्चर घेतले का, एवढे विचारा.